शिवेवर घातलेला शब्द

खालची वाडी
२९ ऑक्टोबर १९६१

सत्यवाना,

आशीर्वाद. तुझं पत्र पोस्टमन शेजारी सुभद्रेच्या घरी टाकून गेला. तिने ते चार दिवस ठेवून घेतलं आणि मग आणून दिलं, उघडलेलं. म्हणाली, दमट हवेने डिंक सुटला. म्हणजे तू काय विचारलंस ते माझ्याआधी वाडीला कळलं. म्हणून उत्तर मी माझ्या हाताने लिहिते. मास्तरांकडून लिहून घेतलं तर तेही चार घरं फिरून येईल. दोन इयत्तांचं अक्षर आहे, लागेल तसं वाच.

उत्तर एवढंच. नाही.

तू लिहितोस की तिथे बादलीतलं पाणी सकाळी दगड होतं. सरकार संध्याकाळी प्रत्येकाला माप भरून रम देतं, सगळे घेतात, तू एकटा कप उपडा ठेवतोस, म्हणून तुला स्वामी म्हणतात. म्हणू देत. स्वामी म्हटल्याने कुणाच्या अंगाला भोक पडत नाही.

मला आधी हे कळू दे, सरकार एक आहे की दोन? इथे दारूबंदी. गेल्या शिमग्यात पोलिसांनी वाडीतली मडकी फोडली आणि माडी काढणाऱ्या म्हाताऱ्याला धरून नेलं. तिथे तेच सरकार आमच्या पोरांना रांगेत उभं करून माप भरतं. हे मी परशुरामकाकांना विचारलं. तुझ्या बापाबरोबर इटलीच्या लढाईत होते, गावचे मानकरी आहेत, त्यांना दोन्हीकडचं ठाऊक. ते सुपारी कातरत म्हणाले, "अगो शेवंते, हंय पियान मरतत म्हणान बंदी. थंय मराक जातत म्हणान देतत." आणि हसले. मला हसू आलं नाही. माझा एकच झील तिथे आहे.

शब्द विसरला असशील तर आठवण देते. बेळगावला भरतीला निघालास तेव्हा ट्रंक माझ्या डोक्यावर होती. शिवेवर सातविणीखाली राखणदाराच्या दगडाजवळ आपण थांबलो. परशुरामकाकांनी गाऱ्हाणं घातलं, तुझा हात नारळावर होता. हा महादूचा झील सत्यवान दारूला तोंड लावणार नाही, आणि लावलं तर ह्या शिवेच्या आत पाय घालणार नाही. 'होय म्हाराजा' तू म्हणालास, मोठ्याने. आता थंडी आहे म्हणून शब्द फिरत नाही. राखणदाराला थंडीवाऱ्याचं कारण सांगता येत नाही, तो बारा महिने उघड्यावर बसलेला आहे.

आणि उलट मला विचारतोस की राखणदाराला दर वर्षी कोंबडा, रोट आणि बाटली लागते ती कशी चालते. वाघ कोंबडी कच्ची खातो, म्हणून मी खाऊ? देवाचं देव बघेल. शिवेची राखण तो करतो, त्याला काय लागतं ते ठरवणारी मी कोण. तू माझ्या पोटचा आहेस, तुझं मी ठरवणार.

तुझा बाप लष्करातून काय घेऊन आला? एक कांबळं, दोन बिल्ले आणि रोज संध्याकाळी सुकणारा घसा. जाण्याआधी माडीलासुद्धा हात न लावणारा माणूस. मग बंदी आली, दुकान बंद झालं, पण घसा बंद झाला नाही. मग गोव्याची चोरटी. शेवटी त्रेपन्न साली आरोंद्याच्या खाडीत होडीवरून पडून बुडाला. हातात उघडी बाटली. तू बारा वर्षांचा होतास, सगळं बघितलंस. त्यानंतर मी माळ घातली. त्यात अजून सांगण्यासारखं काही नाही.

तुझा जोडीदार बाबली तुझ्या वाट्याची मागतो म्हणतोस, तर देऊन टाक. आरोंद्याचा आहे, खाडीकाठच्यांना सवय असते. मोरीत ओतण्यापेक्षा कुणाच्या तरी पोटात गेली तर काय वाईट. त्याच्याकडून चहाची साखर घे. तुझ्या ओठाला लागू नये, एवढंच माझं म्हणणं.

कुळथाचं पीठ आणि सोलं पाठवली आहेत. तिथे आमसुलाचं कढण करता येतं का ते कळव. पायमोजे ओले घालू नकोस.

तुझी आई
शेवंती


२० डिसेंबर १९६२

सत्यवाना,

कार्ड मिळालं. 'मी सुखरूप आहे.' तीन शब्द. दोन महिने मी वरच्या दुकानातल्या रेडिओसमोर उभी होते. त्या दिल्लीच्या बाईचं बोलणं मला निम्मंच कळायचं, बाकीचं दुकानदाराच्या तोंडावरून वाचायचे. आणि तू तीन शब्द लिहितोस.

आणि अक्षर तुझं नाही. तुझा 'ख' असा नसतो. कुणी लिहिलं? तुझे हात कुठे आहेत? धडधाकट माणूस स्वतःच्या आईला कार्ड लिहायला दुसरा बोलावतो का?

मी तीन पत्रं टाकली, एकाचंही उत्तर नाही. पत्त्यावर गावाचं नाव नाही, नुसता आकडा. आकड्याला पत्र लिहिल्यासारखं वाटतं. लढाई थांबली असं सगळे म्हणतात, मग सुट्टी कधी? नर्मदेच्या लष्करातल्या भावाला मिळाली, तो येऊन जेवून गेलासुद्धा. त्याला तुझं विचारलं तर म्हणाला, काकी, आमची पलटण वेगळी. आणि पानाकडे बघत राहिला. वेगळी पलटण असली म्हणून काय माणूस पानाकडे बघतो?

इकडचं सांगते. ह्या वर्षी राखण नारळाच्या पाण्यावर भागवली. गोवा मोकळा झाला तरी नाक्यावर झडती आहे. परशुरामकाका म्हणाले, ह्या वयात बाटलीसाठी मी कोठडीत बसणार नाही, महाराजाला सांगतो समजून घे. नारळ फोडला, पाणी ओतलं, गाऱ्हाणं घातलं. भात चांगलं झालं. गुरं वाघाने नेली नाहीत. भागायचं ते पाण्यावरही भागतं, हे आधी कुणी करून बघितलं असतं तर.

ते जाऊ दे. स्वतःच्या हाताने लिही.

शेवंती


१६ मे १९६३

सत्यवान,

गुरुदास येऊन गेला. तळेऱ्याच्या स्टँडवर त्याचं चहाचं हॉटेल आहे, त्याची बायको आपल्या वाडीतली, हे तुला ठाऊक होतं. ठाऊक असून त्याच्याच बाकावर बसलास, म्हणजे मला कळावं असं तुझ्या मनात होतं की माझी पर्वाच नव्हती, ते तू सांग.

त्याने सांगितलं ते लिहिते. खोटं असेल तर खोड. सोमवारी दहाच्या सुमाराला तू कोल्हापूरच्या गाडीतून उतरलास, अंगावर गणवेष, बरोबर ट्रंक. देवगडची गाडी लागली. ट्रंक टपावर चढवलीस. कंडक्टरने घंटा दिली आणि तू ओरडून ट्रंक खाली उतरवून घेतलीस. मग दुसरी गाडी आली, ती बसूनच घालवलीस. गुरुदासने विचारलं तर म्हणालास, गाडी चुकली. तो मला म्हणतो, "काकी, तेच्या नाकासमोरसून दोन गाडये गेले. चुकली कशी?" चार चहा प्यालास. प्रत्येक चहात खिशातल्या बाटलीतलं काहीतरी ओतलंस. त्याला वास आला. तीन वाजता कोल्हापूरच्या गाडीत बसून परत गेलास.

तळेऱ्यापर्यंत! अख्खा देश ओलांडून आलास आणि शेवटचे दोन तास उरले तेव्हा परत.

सुट्टीचं तू कळवलं होतंस म्हणून इथे मी फणस पाडून ठेवला होता. सांदणं करून तीन दिवस वाट बघितली. सुभद्रा रोज कुंपणावरून विचारायची, इलो काय गो? तिसऱ्या दिवशी ती विचारायची थांबली, ते त्याहून वाईट.

आणि गुरुदास म्हणाला, उजव्या हाताची दोन बोटं नाहीत. कप दोन्ही हातांनी धरत होतास. थंडीने गेली, असं त्याला सांगितलंस. चहावाल्याला सांगतोस आणि आईला 'सुखरूप'. म्हणून ते अक्षर दुसऱ्याचं होतं. दोन बोटं मागे ठेवून येणाऱ्याला सुखरूप म्हणतात, हे मला नवीन कळलं.

त्याच्याकडे तू वर्तमानपत्रात गुंडाळून बाटली दिलीस. म्हणालास, "ही परशुरामकाकांका दी, राखणेक होईत." त्याने परशुरामकाकांना दिली नाही, मला आणून दिली, कारण त्याला वाटलं, झिलाची वस्तू आईकडे जावी. मी गुंडाळी सोडली. आत लाल रंगाची रम, सरकारी शिक्क्याची, बूच न फोडलेली. माळकरणीच्या घरात. गुरुदासही घाईने निघून गेला. ती आता भाताच्या कणगीत खाली पुरली आहे. पोलीस आले तर सांगेन, झिलाने देवाला पाठवली. ते मानतील?

तर शब्द मोडलास. शिवेच्या आत पाय घालायचा नाही, हे मात्र पाळलंस. अर्धा शब्द मोडायचा आणि अर्धा पाळायचा, हे कुठे शिकलास? बापाने निदान शब्द दिलाच नव्हता.

बरं झालं आला नाहीस. तसल्या तोंडाने आला असतास तर मीच दार लावलं असतं.

वरची ओळ लिहून झाली, दिवा विझवला, परत लावला. ती खोडणार नाही. लिहिताना खरी होती. पण आता सकाळ झाली आहे, आणि मी दार लावलं नसतं.

का प्यालास ते लिही. नुसती थंडी होती असं लिहू नकोस. थंडी आधीच्या वर्षीही होती, तेव्हा कप उपडा होता.

आई


२० सप्टेंबर १९६३

सत्यवाना,

मी आरोंद्याला जाऊन आले.

तू दचकला असशील. दहा वर्षांत मी त्या वाटेला गेले नव्हते. सावंतवाडीच्या पुढची गाडी बघितली तरी मी तोंड फिरवायचे. पण तिथून कार्ड आलं, मास्तरांच्या अक्षरात, खाली अंगठा. बाबलीची आई जानकी. लिहिलं होतं, तुमच्या सत्यवानाचं पत्र मला दर महिन्याला येतं, त्यात तुमची आठवण असते. पितृपक्षात बाबलीचा पहिला म्हाळ आहे, तुम्ही यावं.

दर महिन्याला. तिला. मला पाच महिन्यांत एक ओळ नाही आणि तिला दर महिन्याला. कार्ड मी दोनदा चुलीजवळ नेलं. आणि बाबली गेला हेसुद्धा मला त्या कार्डावरून कळलं. तू ज्याला स्वतःच्या वाट्याची द्यायचास तो मेला आणि मी तुला पायमोज्यांचं लिहीत होते.

गेले. जानकी माझ्याच वयाची, काळी, ठेंगणी, खाडीत तिसऱ्यांच्या शिंपल्या काढून हात कापलेले. तिने मला पाय धुवायला पाणी दिलं. माणसं जेवायला बसण्याआधी तिने पितरांची पानं वाढली. बाबलीच्या पानावर वडे, काळ्या वाटाण्याची आमटी, वर तळलेला मासा, आणि बाजूला एक लहान कप. त्यात काजूची दारू. वास आला तशी मी उठले. मी माळकरीण, माझ्यासमोर पितरांच्या पानावर सोरो? मी म्हणाले, मी बाहेर बसते.

तिने माझा पदर धरला. "बस गो बाये. तां पान तेचा आसा, तुझा न्हय."

मी बसले. काय करणार. खरंच ते पान माझं नव्हतं.

जेवणं झाल्यावर तिने डबा आणला. तुझी दहा पत्रं. तिला वाचता येत नाही, पण कुठलं पत्र कधीचं ते कडेवरून ओळखते. पहिलं मला दिलं, म्हणाली, हां तू वाच, मास्तर वाचताना रडतत. मग मी वाचलं. बोट ठेवून, एकेक अक्षर. तू मला लिहिलं नाहीस ते सगळं त्यात होतं.

बाबलीला ताप होता. चौकीवर लाकूड संपलेलं. तू रोजच्यासारखी तुझ्या वाट्याची त्याला दिलीस, आणि तो कुडकुडत होता म्हणून दुसऱ्या एकाचीही मागून आणलीस. तो म्हणाला, आता बरां वाटता, ऊन लागता, आणि त्याने वरचा कोट काढून टाकला. तू म्हणालास, काढू नकोस. त्याने ऐकलं नाही, तू पहाऱ्याला गेलास. सकाळी उठवायला गेलास तर उठला नाही. मग डॉक्टर म्हणाला की रम पोटात गेली की अंग आतून गरम वाटतं आणि बाहेरून सगळी ऊब निघून जाते, तापाच्या माणसाला तर मुळीच द्यायची नसते. त्याला खांद्यावर घेऊन खाली उतरताना तुझा हातमोजा कुठेतरी पडला. तिथे बोटं गेली. आणि त्याच दिवशी संध्याकाळी मापाच्या रांगेत तू कप सुलटा धरलास.

शेवटी तू जानकीला लिहिलंस, 'आई म्हणाली होती देऊन टाक, म्हणून देत होतो. पण हे तिला कधी सांगू नका.'

सत्यवाना, मी ते तीनदा वाचलं. अक्षर लागत नव्हतं म्हणून नाही.

जानकीला मी म्हणाले, माझ्या सांगण्यावरून दिली त्याने. तू मला घरात का घेतलंस? तिने डब्याचं झाकण लावलं. म्हणाली, "माझ्या झिलाक तुझ्या झिलान दिल्यान ती मायेन. थंडीन नेल्यान तेका. आता आपण दोगां मिळान त्या थंडीक गाळी घालूया." आणि खरंच तिने घातल्या. मी माळ घातल्यापासून असले शब्द ऐकले नव्हते. एक-दोन मीही घातले.

आता माझं ऐक. जानकीने तुझं लपवलं नाही, तर मी माझं कशाला लपवू.

त्रेपन्न साली तुझा बाप पीत नव्हता. तुला आठवत नसेल. गणपतीत त्याने आपणहून राहिलेली बाटली परसात उलटी केली आणि तिथून राखणेपर्यंत तीन महिने थेंब घेतला नाही. हात थरथरायचे, तरी तुझ्यासाठी भोवरा कोरला. त्या वर्षी राखणेची पाळी आपल्या घराची होती. कोंबडा होता, रोट होते, बाटली नव्हती. दारूबंदीने गावात कुठेच मिळेना. परशुरामकाका म्हणाले, नारळाचं पाणी ओतू, महाराजा समजून घेईल. मी ऐकलं नाही. मी म्हणाले, आमच्याच पाळीला पाणी? उद्या वाडी म्हणेल, दारुड्याच्या घरात देवालासुद्धा उरली नाही. मी तुझ्या बापाला म्हणाले, आरोंद्याला जा, पलीकडून एक बाटली आण.

तो पडवीत बसला होता. म्हणाला, "शेवंते, माका धाडू नको. दुसऱ्या कोणाक धाड."

मी पिशवी त्याच्या हातात दिली. म्हणाले, देवाचं काम आहे, देव सांभाळेल.

जाताना ढळला नाही, येताना ढळला. होडीत बूच काढलं. ती देवाची बाटली होती आणि मी आणायला लावली होती. लोकांना मी सांगितलं, प्यायला गेला होता. तुलाही तेच सांगितलं. मग माळ घातली, लोक म्हणाले, शेवंतीची केवढी भक्ती. आणि सहा वर्षांनी तुझा हात नारळावर ठेवून माझ्या चुकीचा दोरा तुझ्या गळ्यात बांधला.

तू दिलीस, मी धाडलं. कुणाला मारायचं म्हणून दोघांनीही केलं नाही. पण तू निदान त्याच्या आईला सगळं लिहिलंस. मी दहा वर्षं तुझ्यासमोर जेवले आणि बोलले नाही. आपल्या दोघांत कुणी शिवेबाहेर राहायला हवं असेल तर ती मी.

ह्याचं उत्तर दिलं नाहीस तरी चालेल. वाच मात्र.

आई


१९ जानेवारी १९६४

सत्यवाना,

तुझं पत्र आलं. तुझ्या अक्षरात, वाकड्या. आठ ओळी. सातव्या ओळीत लिहितोस, 'आई, मला तुझा राग नाही, पण शिवेजवळ आलो की पाय पुढे पडत नाही.' तळेऱ्याहून शीव दोन तासांवर आहे, तिथेच पाय अडला म्हणजे राखणदाराचे हात बरेच लांब. बरं, भीती खरी असते. मी तिची थट्टा करत नाही.

तेच पत्र घेऊन परशुरामकाकांकडे गेले. मी म्हणाले, शब्द उतरवा. ते म्हणाले, "शब्द तेना दिल्यान, तेना येवन परत घेवक होयो." मी विचारलं, तो शिवेला पाय लावायला भितो त्याचं काय? "मगे तेका सांग, आधी ये." आला की शब्द उतरणार, शब्द उतरला की तो येणार. मी म्हणाले, भावजीनू, तुम्ही आधी कोंबडी घ्या की आधी अंडं, पण मला आमलेट हवं आहे. ते चिडले. म्हणाले, बायलमाणसाने गाऱ्हाण्यात तोंड घालू नये. मी तीन वेळा गेले, तीन वेळा तेच. तिसऱ्यांदा त्यांनी मला बघून आंघोळीला जायचं सोंग केलं, दुपारी चार वाजता.

मग मी त्यांना विचारायचं सोडलं.

काल सकाळी कणगीतून बाटली काढली. बुचाला भाताचा कोंडा लागला होता. पदरात घेतली, नारळ घेतला आणि शिवेवर गेले. सुभद्रा कुंपणावर होती. विचारलं, खंय गो? मी म्हणाले, रम ओतायला. तिचं तोंड उघडं राहिलं ते मी परत येईपर्यंत मिटलं नसेल.

सातविणीखाली कुणी नव्हतं. माळ काढून दगडाच्या बाजूला ठेवली. बूच दाताने काढलं. आणि खरं सांगते, बोट बुडवून जिभेला लावलं. इतकी वर्षं जिच्याशी भांडले, तिची चव ठाऊक नको? जळक्या साखरेसारखी, आणि घशात आग. ह्यात काय आहे ते मला कळलं नाही. पण पोटात ऊब गेली हे खोटं नाही. बाबलीला ऊन लागलं ते असं असणार.

मग गाऱ्हाणं घातलं. मला कुणी शिकवलेलं नाही, ऐकून ऐकून येतं तेवढं. तुला जसंच्या तसं लिहिते, कारण ते तुझं आहे.

"बा देवा राखणदारा, म्हाराजा. मी महादूची बायल शेवंती. बायलमाणूस गाऱ्हाणा घालता म्हणान राग येता तर येवंदे. ह्याच जागेर माझ्या झिलाच्या तोंडात मी एक शब्द घातलेलंय. तो तेचो न्हय, माझो. त्रेपन्न साली घोवाक बाटलीक धाडलंय, तांय मीच. तुका पाणी चालला असता, माका चालूक नाय. आता ही बाटली माझ्या झिलान धाडल्यान. ही घे, नी माझो शब्द माका परत दी. काय भोगूचा आसात तां माझ्याकडसून घे. माझ्या पोराक शिवेर अडवू नको, म्हाराजा."

आणि अडकले. गाऱ्हाणं संपलं की मागच्या माणसांनी 'होय म्हाराजा' म्हणायचं असतं. नाहीतर ते पुरं होत नाही, अर्ध्यावर लोंबतं. माझ्या मागे कोण होतं? मी एकटी, हातात उघडी बाटली. स्वतःच स्वतःला 'होय' म्हणून चालत नाही, चाललं असतं तर दहा वर्षं माझं बरं चाललं असतं. मी तशीच उभी राहिले. एक कावळा होता, तोही उडून गेला.

मग मागे काठीचा आवाज आला. परशुरामकाका. सुभद्रेने धावत जाऊन सांगितलं असणार. धापा टाकत आले होते, धोतराचा सोगा हातात, ओरडायला तोंड उघडलेलं. त्यांनी बाटली बघितली, दगडाजवळची माळ बघितली. किती ऐकलं होतं ठाऊक नाही. त्रेपन्न सालचं ऐकलं असणार, कारण त्यांनी तोंड मिटलं. त्या वर्षी पाणी चालेल म्हणणारे तेच होते. आणि गेली दहा वर्षं, मी सगळ्यांना खोटं सांगत असताना, ते गप्प राहिले.

काठी झाडाला टेकवून त्यांनी हात जोडले आणि म्हणाले, "होय म्हाराजा."

मी बाटली दगडावर ओतली. सगळी. कौल मागितला नाही. ह्या खेपेला त्याला विचारलं नाही, सांगितलं. परतताना काकांनी माळ उचलून माझ्या हातात दिली आणि म्हणाले, ही घाल, नायतर लोकांका वाटात तूच पियालंय. बोटाचं मी त्यांना सांगितलं नाही. माळेचं माझं मी बघते.

आता तुझं. तुला दहा फेब्रुवारीपासून सुट्टी आहे असं जानकीने कळवलं. हो, तिला विचारलं. दहापासून रोज सकाळी मी तळेऱ्याला गुरुदासच्या बाकावर बसलेली असेन. त्याला सांगून ठेवलं आहे, तो म्हणाला, काकी, बाकाचं भाडं घेईन. घेऊ दे. कोल्हापूरची गाडी येईल तेव्हा ट्रंक मी धरेन, टपावर मी चढवेन, आणि एकदा चढवली की उतरवायला देणार नाही. शिवेपर्यंत मी पुढे चालेन. दगडाजवळ तुला थांबायचं असेल तर थांब, मी पाठ करून उभी राहीन. मग तू पुढे हो.

पिण्याचं म्हणशील, तर ते मला आवडणार नाही. सोडलंस तर बरं. सोडवलं नाही तर घरात रोज भांडण होईल, हे आधीच सांगते. मी गप्प बसणारी नाही. पण ओरडायलासुद्धा समोर माणूस लागतो.

आई